आंधळे कल्ले

पलीकडच्या खोलीत पॉलिशचं चाक घरघरू लागलं, तसं थोरल्यानं दाराकडे पाठ केली आणि खिशातून बारीक ड्रिल काढलं.

पुढ्यातल्या पत्र्यावर त्यानं सुईनं तिरप्या रेघा ओढून ठेवल्या होत्या. प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना त्यानं मोहरीएवढं एकेक भोक पाडलं. हातानं फिरवायचं ते ड्रिल आवाज असा करत नसे, तरी मध्येच थांबून त्यानं कानोसा घेतला. चाक चालू होतं. मग छिन्नी घेऊन त्यानं एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत पत्रा कापला, लाकडी ठोकळ्यातल्या खोबणीवर तो काप बरोबर बसवला आणि मागून हलके ठोके घालत कापाची एक कड वर उचलायला लागला.

पत्रा कापून फुगवायला गेलं की तो सगळ्यात आधी कापाच्या टोकाशी फाटतो. सगळा ताण तिथे येऊन साठतो आणि त्याला पुढे जायला वाट हवी असते. टोकाला गोल भोक असेल, तर ताण त्या गोलाभोवती पसरतो आणि पत्रा शाबूत राहतो. गोष्ट एवढीच. पण ती थोरल्याला एकट्यानं, पुष्कळ पत्रे फाडल्यावर सापडली होती आणि त्यानं ती कुणाला सांगितली नव्हती. काम झालं की तो त्या भोकांत कथील वितळवून डाख भरायचा, कानस फिरवून जागा सपाट करायचा आणि वर रंग बसला की कुणी कितीही डोळे ताणले तरी काही दिसत नसे.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. आधी धाकट्याचा, मग मामांचा. मामांचं हसू खोकल्यात संपायचं, तसंच आताही संपलं. थोरल्याचा पुढचा ठोका जरा जास्त जोरात पडला.

वर्कशॉप मामांचं, म्हणजे थोरल्याच्या आणि धाकट्याच्याही सासऱ्यांचं. दोघे जावई त्यांना मामा म्हणत, आणि ते ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही. ज्या गाड्या आता कुठल्याच कारखान्यात बनत नाहीत, त्या इथे येत. गंजलेल्या, पिचलेल्या, कधी नुसत्या सांगाड्यानं, दोरीनं ओढत. पत्र्याचं सगळं काम थोरल्याकडे होतं. चमकणारं सगळं धाकट्याकडे: दिव्यांच्या कडा, बंपर, दारांच्या मुठी, निकेलचा मुलामा. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की आधी त्या मुठींवरून हात फिरवायचं आणि म्हणायचं, वा, काय केलंय. ज्या दाराला ती मूठ लावलेली असायची ते अख्खं दार थोरल्यानं नव्यानं घडवलेलं असे. पण दाराला वा म्हणणारा माणूस त्याला अजून भेटायचा होता.

हे तो सोसत आला होता. सोसवत नव्हती ती खुर्ची.

मामांची एक वेताची खुर्ची होती. हात थरथरायला लागून हातोडी सुटली, तेव्हापासून ते दिवसभर त्या खुर्चीत बसून राहत. आधी ती खुर्ची थोरल्याच्या ऐरणीजवळ असायची. धाकटा या घरचा जावई झाला, वर्कशॉपमध्ये यायला लागला, आणि खुर्ची हळूहळू सरकू लागली. आधी मधल्या दारात आली. मग उंबरठ्यापलीकडे गेली. आता ती पॉलिशच्या खोलीत, चाकाशेजारी होती, आणि तिच्याबरोबर मामांचा चष्म्याचा डबा आणि चहाचा कपही तिकडेच गेले होते. कुणी कुणाला काही म्हटलं नव्हतं. पण थोरला रोज सकाळी आला की पहिल्यांदा खुर्ची कुठे आहे ते बघायचा, जिभेनं दुखरी दाढ चाचपावी तसा.

शिवाय मामा धाकट्याला 'जावईबापू' म्हणत, आणि 'तुम्ही' म्हणत. थोरला इथे लग्नाच्या कितीतरी आधी, मिसरूड फुटत असताना काम शिकायला आला होता, त्यामुळे तो 'तू'च राहिला. पूर्वी त्याला याचा अभिमान वाटे. आता बोळवण झाल्यासारखं वाटे.

आणि त्यातच मामांनी स्वतःची गाडी बाहेर काढली.

वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला लागून, मेणकापडाखाली ती वर्षानुवर्षं उभी होती. लांब नाकाची, गोल खांद्यांची. इंजिन मामांनी मुलींना हाताशी घेऊन कधीचंच जिवंत केलं होतं. राहिली होती पुढची दोन मडगार्डं. चाकांच्या मागे, जिथे पूर्वी कल्ले होते, तिथला पत्रा गंजून गळून गेला होता. कल्ले हा मामांचाच शब्द. माशाच्या मानेशी असतात तशा मडगार्डावरच्या फटी. इंजिन तापतं, नाकातून शिरलेला वारा आत कोंडतो, त्याला बाहेर पडायला जागा लागते; ती जागा म्हणजे कल्ले. फटीची कड मागच्या बाजूला उघडी ठेवायची, म्हणजे गाडी धावताना बाहेरचा वारा आतल्या गरम वाऱ्याला ओढून घेतो. पण सगळेच कल्ले असे नसतात. पुष्कळ गाड्यांवर ते नुसते दिसायला असतात; वर छान नक्षी आणि मागे अखंड पत्रा. त्यांना मामा आंधळे कल्ले म्हणत.

आपल्या गाडीवर मुळात कुठले होते ते आठवत नाही, असं मामांनी सांगितलं. आणि चहा फुंकता फुंकता पुढचं ठरवून टाकलं. डावं मडगार्ड थोरल्यानं करायचं, उजवं धाकट्यानं, ज्याला जसं सुचेल तसं. ज्याचं पसंत पडेल त्याच्यासारखं दुसऱ्यानं आपल्या बाजूला करून द्यायचं, कारण दोन कुशींना दोन तऱ्हा असलेली गाडी रस्त्यावर काढायची मामांना लाज वाटली असती. आणि ज्याचं पसंत पडेल, त्यानं यापुढे खिडकीजवळ बसायचं.

खिडकीजवळ मामांचा जुना ओटा होता. उजेड तिथे सगळ्यात चांगला. गिऱ्हाईक दारातून आत आलं की आधी तिथेच जायचं, आणि तिथे बसलेला माणूस सांगेल तसं वर्कशॉप चालायचं. मामांचा हात गेल्यापासून तो ओटा रिकामा होता, आणि जो तो त्याला वळसा घालून जात असे.

*

सुट्टीच्या दिवशी सगळे बघायला जमले. सगळे म्हणजे मामा, त्यांच्या दोन मुली आणि दोन जावई. मडगार्डं गाडीवर चढवून वर चादरी टाकल्या होत्या.

आधी डावीकडची चादर निघाली. थोरल्याचे कल्ले साधे होते. एकाखाली एक तिरप्या फटी, कडा जराशा उचललेल्या, कुठे ओरखडा नाही की फुगवटा नाही. मामा वाकून बघत राहिले. त्यांनी एका फटीच्या टोकाशी अंगठा नेला, तिथे तो जरा घुटमळला, आणि ते सरळ झाले. थोरली, म्हणजे थोरल्याची बायको, म्हणाली, नीटनेटके झालेत. नीटनेटके हा शब्द ती त्याच्या दाढीबद्दलही वापरत असे.

मग उजवीकडची चादर निघाली, आणि दोघी बहिणींच्या तोंडून एकदमच 'अगं बाई' निघालं.

धाकट्यानं निकेलच्या तीन लांबट पाकळ्या केल्या होत्या, मोठीपासून लहानीपर्यंत, मागे मागे निमुळत्या होत गेलेल्या. प्रत्येक पाकळीच्या पोटात त्यानं काळा रंग असा काही चढवला होता की कडेला करडा, आत गर्द, आणि बघणाऱ्याला वाटावं, बोट घातलं तर कोपरापर्यंत हात आत जाईल. थोरलीनं खरंच बोट लावून पाहिलं आणि ते नखाएवढ्या खोलीवरच पत्र्याला टेकलं, तशी ती लहान मुलीसारखी हसली. आपल्या बायकोला असं हसताना थोरल्यानं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"काय बाई हे, डोळ्यांदेखत फसवलंत," ती धाकट्याला म्हणाली.

धाकटा मान खाली घालून फडक्यानं हात पुसत होता. हात स्वच्छ होते तरी पुसत होता. ते थोरल्याला नाटक वाटलं.

"इंजिन सुरू कर गं," तो मेहुणीला म्हणाला. धाकटी गाडीत बसली. इंजिन एकदा खाकरलं आणि लागलं, आतला पंखा फिरायला लागला. थोरल्यानं सदऱ्याच्या खिशातून लाल दोऱ्याचा एक तुकडा काढला, वितीएवढा. तो चिमटीत धरून त्यानं आपल्या कल्ल्यांसमोर नेला. दोरा थरारला, आडवा झाला आणि फडफडत राहिला. त्यानं तो सगळ्यांना नीट दिसेपर्यंत तसाच धरला. मग शांतपणे गाडीच्या नाकावरून वळसा घालून तो उजव्या बाजूला गेला आणि धाकट्याच्या पाकळ्यांसमोर दोरा धरला.

दोरा सरळ खाली लोंबत राहिला.

"साडूभाऊ," थोरला म्हणाला, "तुमचे कल्ले श्वास रोखून बसलेत की काय? सोडायला सांगा, नाहीतर गुदमरतील."

धाकटी गाडीतच होती, तिला हसू आवरलं नाही. थोरलीही ओठ दाबून हसली. धाकटाही हसला, पण त्याचे कान लाल झाले आणि लालच राहिले. थोरल्यानं ते पाहिलं. त्याला फार दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

मामा हसले नाहीत. त्यांनी हात हलवून इंजिन बंद करायला सांगितलं. उद्या सांगतो, म्हणाले, आणि मेणकापड शोधायला लागले.

घरी परतताना थोरला एकटाच बोलत होता; इंजिनाचं तापमान, उघडी कड, वाऱ्याची दिशा. घराच्या कोपऱ्यावर वळताना थोरली म्हणाली,

"तो दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला होता ना?"

तो म्हणाला, असेल.

"म्हणजे सकाळी निघतानाच घेतला होतात."

एवढंच. पुढे ती भाजीचं काय करायचं ते बोलायला लागली. पण मघाशी पोटभर जेवल्यासारखं जे वाटलं होतं, ते आता छातीशी येऊन बसलं.

*

दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर आला. स्वतःला त्यानं सांगितलं होतं की कडांवर फिरवायला बारीक पॉलिश कागद हवाय. पॉलिश कागद धाकट्याच्या खोलीत असे. खरं म्हणजे धाकट्याच्या खोलीत एखादी उरलेली पाकळी सापडते का, आणि तिची मागची बाजू कशी आहे, ते त्याला बघायचं होतं. जोड कच्चा दिसला तर तेही मामांच्या कानावर घालता आलं असतं.

कागद फळीवर नव्हता. त्यानं चाकाखालचं खोकं ओढलं. वर मऊ फडकी होती, फडक्यांखाली फ्लॅनेलचं एक जड गाठोडं. त्यानं ते सोडलं.

आत पत्र्याचे तुकडे होते. तळहाताएवढे, याच जाडीचा पत्रा, आणि प्रत्येकावर एक कल्ला. उघडा कल्ला. आंधळा नव्हे.

सगळे फाटलेले.

त्यानं ते ओळीनं खाली मांडले. पहिल्या तुकड्यांवर काप वाकडा होता आणि पत्रा दोन्ही टोकांशी बोटबोटभर उसवला होता. मग काप सरळ होत गेले, ठोके एकसारखे होत गेले. काही तुकडे निळसर झाले होते. म्हणजे तापवूनही पाहिलं होतं. मामांच्या जुन्या पद्धतीनं. तेही टोकाशीच गेले होते. शेवटच्या तुकड्यावर फाट अगदी केसासारखी होती, पण होती.

थोरल्याला आधी आनंद झाला. तो नाकारण्यात अर्थ नाही. तो खांद्यांतून पाठीपर्यंत उतरला आणि तिथे थोडा वेळ राहिला. येत नाही त्याला. पाकळ्या, निकेल, काळा रंग, सगळं येत नाही म्हणून. मग त्यानं तो शेवटचा तुकडा उजेडात धरला. केसाएवढी ती फाट अंगठ्याखाली झाकली आणि कल्ल्याचा बाक पाहिला. पाण्यावरून हात फिरवावा तसा तो बाक उचलत गेला होता. थोरल्याच्या स्वतःच्या बाकात शेवटी एक किंचित घाई असे. ती त्याला एकट्यालाच माहीत होती. इथे ती नव्हती.

"सापडलं का?" मागून मामांनी विचारलं.

ते दारात उभे होते, कोट अंगावरच. थोरल्याला उठायचंही सुचलं नाही.

"कागद बघत होतो."

"कागद तुझ्याच ओट्याखाली आहे. परवा तूच नेलास." मामा येऊन खुर्चीत बसले. वेत करकरला. जमिनीवर मांडलेल्या तुकड्यांकडे त्यांनी गिऱ्हाइकाच्या गाडीकडे बघावं तसं, घाई न करता पाहिलं.

हे कधीपासून चाललंय, असं थोरल्यानं विचारलं. मामा म्हणाले, तो आला त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून. तू जेवायला घरी जातोस ना, तेव्हा.

"मग तुम्ही त्याला सांगितलं नाही?"

"काय सांगू? मी तापवून करायचो. किती तापला ते हाताला कळायचं." त्यांनी उजवा हात गुडघ्यावरून उचलला, तो हवेत थरथरला, त्यांनी तो परत ठेवला. "आता हाताला काही कळत नाही, तर तोंडानं काय शिकवणार."

"दुसऱ्या रीतीनं..." थोरला बोलता बोलता थांबला.

"दुसरी रीत माझी नाही," मामा म्हणाले. "डाख रंगाखाली लपतो रे. बोटाखाली नाही लपत."

थोरल्यानं एक तुकडा उचलला, दुसरीकडे ठेवला, परत पहिल्या जागी आणला.

"तुम्हाला माहीत होतं."

"तुझी भोकं आहेत. मी ती कुणाला कशी देऊ?"

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. थोरल्याला वाटलं आता मामा आणखी काही बोलतील, चांगलं किंवा वाईट. ते चष्मा पुसत बसले. शेवटी न राहवून त्यानंच विचारलं, आणि विचारताना आवाज अगदी सहज ठेवायचा प्रयत्न केला,

"म्हणून तुम्ही इकडे बसता होय?"

"जिथे बघायला लागतं तिथे बसायचं," मामा म्हणाले. "तुझ्याकडे काय बघू? भिंतीपलीकडून आवाज आला की कळतं मला, ठोका कुठे पडला ते. कालपरवा मात्र वाईट पडत होते. जोरात."

थोरल्यानं तुकडे गोळा केले. ज्या क्रमानं होते त्याच क्रमानं रचले, फ्लॅनेलमध्ये बांधले, आणि गाठोडं होतं तिथे, फडक्यांखाली ठेवून दिलं.

*

धाकटा आला तेव्हा दोघे जण आपापल्या जागी होते. मामांनी दोघांना गाडीपाशी बोलावलं.

डावीकडचे कल्ले राहतील, ते म्हणाले. ही गाडी आता मुली चालवणार. चढावर वाफ सोडत उभी राहिली तर त्या मलाच बोल लावतील. तेव्हा उजवीकडेही तसेच उघडे हवेत. खिडकीजवळची जागा थोरल्याची.

मग ते धाकट्याकडे वळले. "संध्याकाळपर्यंत एक तरी काढून दाखव. सगळे नकोत. एकच दाखव तू."

तू. थोरल्याच्या कानानं ते लगेच टिपलं. एवढ्या मोठ्या विजयाच्या क्षणी एवढीशी गोष्ट टोचावी याचा त्याला राग आला.

"बरं, मामा," धाकटा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. तो आपल्या खोलीत गेला.

थोरला खिडकीजवळच्या ओट्यापाशी बसला. उजेड खरोखरच चांगला होता. त्यानं हत्यारं आणून मांडली, एकदा अशी, एकदा तशी. या जागेवरून मधल्या दारातून पलीकडची खोली सरळ दिसते हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. धाकट्यानं पत्र्याचा तुकडा कापून घेतला होता. सुईनं रेघ ओढली होती. आता छिन्नी हातात धरून तो नुसता उभा होता. मामा शेजारी खुर्चीत होते, तिथल्या खिडकीबाहेर बघत.

थोड्या वेळानं छिन्नी चालेल, मग ठोके सुरू होतील, आणि मग तो आवाज येईल. पत्रा फाटताना एक बारीक 'टच' असा आवाज होतो, वाळकी काडी मोडल्यासारखा. तो अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल. काल दोरा धरून जे झालं, त्यापेक्षा ते मोठं असेल, आणि थोरल्याला त्यासाठी बोटसुद्धा हलवायला नको. फक्त बसून राहायचं.

तो बसला. एक कानस उचलून त्यानं तिच्यावरची धूळ झटकली. मग ती ठेवून त्यानं खिशातून बारीक ड्रिल काढलं, ओट्यावर मधोमध ठेवलं, आणि ओरडला,

"साडूभाऊ, जरा इकडे या. हा पत्रा धरा."

धाकटा दारात आला. "मी?"

"दुसरा कोण साडू आहे मला?"

"नाही, म्हणजे दादा, तुम्ही तर एकटेच करता सगळं."

"आज हलतोय पत्रा. धरा म्हटलं तर धरावं माणसानं."

धाकट्यानं दोन्ही हातांनी पत्रा दाबून धरला. तो जरासुद्धा हलत नव्हता. आधीही हलत नव्हता. थोरल्यानं सुईनं रेघ ओढली. मग रेघेच्या एका टोकाला ड्रिलचं टोक टेकवलं आणि फिरवायला सुरुवात केली, सावकाश. पाटीवर पहिलं अक्षर गिरवून दाखवताना हात जसा सावकाश चालतो तसा. पत्र्याचा बारीक कीस वर आला. त्यानं फुंकर मारली. मोहरीएवढं भोक. मग दुसऱ्या टोकाला दुसरं. मग छिन्नी एका भोकात टेकवून, दुसऱ्या भोकापर्यंत.

धाकट्याची बोटं पत्र्यावर पांढरी पडली होती. तो भोकाकडे बघत होता. गाठोड्यातला एकेक तुकडा त्याच्या डोळ्यांसमोरून चालला असावा, असं थोरल्याला वाटलं. ते बघू नये म्हणून त्यानं ठोकळा पुढे ओढला.

"एवढंच बारीक?" धाकट्यानं विचारलं.

"मोठं केलं तर डाख जास्त लागतो. आणि मग बोटाला लागतं."

"बरं."

कल्ला उचलला गेला. टोकं शाबूत होती. धाकट्यानं पत्रा सोडला, दोन पावलं मागे गेला, आणि थांबला.

"आणि दादा, तो लाल दोरा? तोही शिकवणार का कधी?"

थोरल्याचे कान तापले. "तो माझ्या बायकोचा आहे," तो म्हणाला. "परत केलाय. ड्रिल घेऊन जा आता, संध्याकाळ होईल."

पलीकडे आधी काहीच ऐकू आलं नाही. ते ड्रिल असणार, ते आवाज करत नाही. मग छिन्नी. मग हातोडीचे ठोके, घाबरत, एकेक. थोरला हातातलं काम तसंच धरून बसला. ठोके थांबले. पुन्हा सुरू झाले. तो त्या काडी मोडल्यासारख्या आवाजाची वाट बघत होता, आणि तो यावा की येऊ नये हे त्याला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं.

आवाज आला नाही. ठोके मात्र बदलत गेले. हलके झाले, एकमेकांत मिसळले.

धाकटा तुकडा घेऊन आला. कपाळावर घाम होता. त्यानं तो आधी मामांना नव्हे, थोरल्याला दिला. थोरल्यानं उजेडात धरला. टोकं अखंड. आणि बाक तोच, पाण्यावरून हात फिरवावा तसा, शेवटी कुठेही घाई न करता उतरलेला. त्यानं अंगठा पुढे नेला, मागे आणला, पुन्हा पुढे नेला.

"इथे जरा कानस मारा," तो म्हणाला.

"मारतो," धाकटा म्हणाला. मग जरा घुटमळून, "दादा, वरून निकेलची एक बारीक रेघ दिली तर? दोन्हीकडे. फटींना हात न लावता."

"बघू," थोरला म्हणाला.

वेत करकरला. मामा उठले होते. त्यांनी खुर्ची पाठीला धरून ओढायला सुरुवात केली. दोघेही उचलायला पुढे झाले, तेव्हा त्यांनी मानेनंच नको म्हटलं. खुर्चीचे पाय फरशीवर खरखरत उंबरठा ओलांडून मधल्या दारात आले. थोरल्याचा हात ओट्यावर थांबला. पण खुर्ची त्याच्या ऐरणीकडे वळली नाही. ती गाडीच्या बाजूनं, मेणकापडाच्या ढिगाऱ्यावरून, सरळ पुढच्या दारातून बाहेर गेली. बाहेर ऊन होतं. मामांनी ती भिंतीशी टेकवली, वर्कशॉपकडे पाठ करून बसले, आणि थोड्या वेळानं त्यांची मान छातीवर आली.

आत दोघे कामाला लागले. थोरला पाणी प्यायच्या निमित्तानं एकदा दारापर्यंत गेला, आणि खुर्ची कुणाच्या बाजूला जरा जास्त कललेली तर नाही ना, तेवढं पाहून आला.